शिट्टीचं नाही, दोरीचं

"आज शेवटचं," खेळाच्या बाई म्हणाल्या. "आज जमलं नाही तर तू झेंडा धरून बाजूला उभं राहायचं."

माझी सात वर्षांची नात, जिला सगळे ठिणगी म्हणतात, तीन आठवडे फिरत्या लांब दोरीत शिरायला बघत होती. बाई शिट्टी फुंकायच्या, ही झेपावायची आणि दोरी पायांत. तिला न्यायला मी रोज कुंपणाशी थांबायचे. एकदा लक्षात आलं, पोरीचे डोळे दोरीवर नव्हतेच; बाईंच्या फुगणाऱ्या गालांवर होते. दोरी फिरवणाऱ्या मुलींत एक उंच, एक बुटकी. ती दोरी शिट्टीच्या मापात फिरणार कशी?

मी तीस वर्षं छापखान्यात यंत्राला हाताने कागद लावले. जबडा उघडताना 'खट' वाजायचं, तेव्हाच हात आत. मुकादमाच्या ओरडण्यावर हात घातला असता, तर आज लिहायला बोटं उरली नसती.

घरी दोरीचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं, दुसरं मी धरलं. "उडी मारायची नाही. दोरी जमिनीला लागली की टाळी वाजव." चार दिवस नुसत्या टाळ्या. माझी लेक वैतागली. "आई, अशाने ती उड्या कधी मारणार गं?"

"टाळी चुकायची थांबली की."

पाचव्या दिवशी टाळीच्या जागी पाऊल आलं.

आणि आज मैदानावर बाईंनी शिट्टी फुंकली, तर ठिणगी जागची हलली नाही.

"बहिरी आहेस का गं?"

"नाही बाई. मी दोरीचं ऐकतेय."

रांगेत खसखस पिकली. बाई लाल झाल्या. "इथे माझी शिट्टी चालते!"

"मग वाजवा की. मी नाही ऐकणार."

मी कुंपणाबाहेरून बघत होते. शिट्टी पुन्हा वाजली, लांबलचक, चिडकी. पोर तशीच उभी. टप. टप. तिसऱ्या 'टप'ला ती आत होती. नऊ उड्या झाल्या. दहावीला पाय अडकला आणि गुडघा खरचटला.

"बघितलंस?" बाई म्हणाल्या.

"आत शिरले ना पण?" ठिणगी गुडघा झाडत उठली आणि पुन्हा जागेवर जाऊन उभी राहिली. "झेंडा दुसऱ्या कुणाला द्या. फिरवा गं!"

उंच आणि बुटकी, दोघींनी बाईंकडे पाहिलंसुद्धा नाही. दोरी फिरू लागली.