लहान केलेले अणू

समिधाने टेंभी नाक्यावरून आणलेला पेढ्यांचा पुडा मेघनापुढे केला.

"ताई, घे ना. हैदराबादच्या नोकरीला नकार कळवला सकाळीच. आता इथेच राहणार. आपलं औषध बनवणार!"

आपलं औषध! मेघनाने पेढा घेतला आणि हातातच धरून ठेवला.

नौपाड्यातल्या या छोट्या प्रयोगशाळेत मेघनाचं काम कॉम्प्युटरवर रेणूंची चित्रं करायचं. रोगाच्या प्रथिनात एक खोबण होती. नव्या औषधाचा रेणू तिच्यात बसला, तरच तो बनवून बघण्यात अर्थ होता. गेल्या आठवड्यात सरांना त्याचं चित्र हवं होतं, तेही आत्ताच्या आत्ता. सरांना कधी काही सावकाश हवं असतं का! अणूंच्या गोळ्यांमागे खोबण झाकली जात होती, म्हणून तिने औषधाच्या अणूंचा आकार कमी केला. दिसण्यापुरता. असं सगळेच करतात आणि तसं सांगतात.

तिने सांगितलं नाही. चित्र बघून सर म्हणाले, "वा! काय चपखल बसलाय!" कधी नव्हे ते चारचौघांत कौतुक होत होतं आणि मेलं ते सोडवेना. उद्या सांगू, असं ती रोज म्हणत राहिली. तोवर सरांनी रेणू बनवायचं ठरवून टाकलं आणि ते काम समिधाला दिलं.

"चित्राची प्रिंट आईने देव्हाऱ्याशेजारी लावलीये," समिधा हसत म्हणाली. "कोपरीतल्या सगळ्या मावश्यांना दाखवते. कळत काही नाही तिला, पण खूश आहे."

मेघनाला आता सहन होईना. लाज वाटत होती, स्वतःचाच राग येत होता. "समिधा, इथे बस जरा," ती म्हणाली.

तिने फाइल उघडली आणि अणूंचा आकार मुळात होता तेवढा केला. गोळे फुगले आणि खोबणीच्या भिंतीत घुसले. छोट्या दारात मोठं कपाट अडकावं तसा रेणू अडकला.

"मी लहान केलेले गं. सगळ्यांच्या आधी तुला सांगायला हवं होतं. चुकलं माझं."

समिधा ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त माउस हातात घेतला आणि आकार जरासा कमी केला. गोळे भिंतीतच होते. आणखी जरासा. मंडईत भाजीवालीशी करावी तशी ती अणूंशी घासाघीस करत होती. अणू ऐकत नाहीत हे तिला मेघनाइतकंच ठाऊक होतं. शेवटी गोळे भिंतीतून जेमतेम सुटले, तेव्हा तिचा हात थांबला.

"ताई," स्क्रीनवरची नजर न काढता तिने विचारलं, "एवढे चालतील ना?"

पेढा मेघनाच्या मुठीत पार चुरगळला होता. गप्प राहणं अजूनही सोपं होतं.

"नाही गं," ती म्हणाली.