आईचं मशीन, चिरंजीवांची वेबसाइट

आईच्या भरतकामाच्या मशीनला अधूनमधून झटका यायचा. गणवेशाच्या खिशावरचं शाळेचं चिन्ह ते तिरपं भरू लागायचं, आणि मग चिरंजीव लॅपटॉप घेऊन घरी यायचे. मशीनला वायर लावून सेटिंग नीट करायचे, दोन्ही वेळा पोटभर जेवायचे आणि दुपारी आपल्या जुन्या पलंगावर खुशाल घोरायचे. नवं मशीन घे, असं सगळे सांगत. आईला हेच मशीन फार आवडायचं.

पण चिरंजीव पडले हुशार. त्यांनी एक वेबसाइट बनवली. आता लॅपटॉप नको, ॲप नको आणि खुद्द चिरंजीवही नकोत. मशीनची वायर मोबाइलला जोडायची, ब्राउझरमध्ये वेबसाइट उघडायची, की काम फत्ते. वायर जोडायचा चिमुकला अडॅप्टरही त्यांनी कुरिअरने धाडला. आईची एवढी काळजी कोण करतं हल्ली!

मशीन पुन्हा तिरपं भरू लागलं तेव्हा आईने अडॅप्टर खोचला आणि चिरंजीवांना स्पीकरवर घेतलं.

"आता वेबसाइटवरचं हिरवं बटण दाब. ब्राउझर विचारेल, काय जोडायचंय? मशीनचं नाव दिसतंय?"

"दिसतंय."

"त्याच्यावर बोट ठेव आणि खाली कनेक्ट दाब. बाकी सगळं वेबसाइट करेल. तेवढं मात्र तुलाच दाबावं लागतं, इथून मला नाही दाबता येत."

एवढी दिमाखदार वेबसाइट, आणि तिचं घोडं आईच्या बोटापाशी अडलेलं! आईला ती वेबसाइट पहिल्यांदाच बरी वाटली. कनेक्टच्या शेजारी कॅन्सल होतं. तिने ते दाबलं.

"नाही रे होत."

"परत कर बघू."

तिने परत केलं. वायर काढून लावली, मशीन बंद करून चालू केलं, सांगितलेलं सगळं इमानेइतबारे केलं आणि दर वेळी शेवटी न चुकता कॅन्सल दाबलं. "मला मेलीला काय कळतंय त्यातलं," असंही वर ऐकवलं.

शेवटी पलीकडून लांबलचक सुस्कारा आला. "ठीक आहे, येतो मीच. रजा मागतो, साहेबांची बोलणी खातो. करतो काय, दुसरा इलाज आहे का?"

आई जिंकली. त्याला काय काय करून घालायचं, याचे बेतही मनात सुरू झाले. पण तो सुस्कारा काही कानातून जाईना. हा येणार, तोंड पाडून बसणार, घड्याळाकडे बघत जेवणार. असा आलेला मुलगा तिला नको होता.

"थांब," ती म्हणाली, "एकदा शेवटचं बघते." आणि तिने कनेक्ट दाबलं.

मशीन खडखडलं, सुई जागेवर आली. चिरंजीवांनी तिकडे आरोळीच ठोकली.

"झालं! आई, सुटलो बघ मी!"

आईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"हो रे राजा," ती म्हणाली, "सुटलास."