शोध: सासूबाई, निकाल: शून्य

साहेब, दत्ता शेळकेचा जीव तुम्ही घेतलात. तुमच्याबरोबर मीही होते, म्हणून एवढ्या ठामपणे सांगते.

तुमच्या अहवालाच्या चौथ्या पानावरचं वाक्य मला पाठ झालंय. "मयत कामगाराने डिजिटल ग्रंथालयात उपलब्ध असलेली सुरक्षाविषयक माहिती न पाहता काम सुरू केले." खाली कारण लिहिलंय, मानवी चूक. शुक्रवारी तो अहवाल माझ्या टेबलावर ठेवून तुम्ही म्हणालात, "प्रगती, सोमवारी हा ग्रंथालयात चढवून टाक. फायनल आहे." आणि चहा प्यायला गेलात.

तुम्ही विसरला असाल, म्हणून पहिल्यापासून सांगते.

दौंड तालुक्यातल्या आपल्या या रसायनांच्या कारखान्यात प्रत्येक शिफ्टची डायरी असायची. जाणारा कामगार येणाऱ्यासाठी लिहून ठेवायचा. कुठला पंप आवाज करतोय, कुठला व्हॉल्व्ह अर्धाच फिरतो. अकरा वर्षांच्या एकशे चाळीस डायऱ्या, कालवणाचे आणि ग्रीसचे डाग पडलेल्या. माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीचे लोक ऑडिटला येणार होते. त्यांना दाखवायला तुम्हाला 'नॉलेज मॅनेजमेंट' पाहिजे होतं, तेही फुकटात. मी न्हावऱ्याची, बीए झालेली, ऑफिसात कागदपत्रं सांभाळणारी क्लार्क. चौफुल्यापर्यंत एसटी, पुढं कंपनीची गाडी. त्या एसटीत बसून, मोबाईलवर व्हिडिओ बघत मी डिजिटल ग्रंथालयाचं एक फुकट मिळणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर शिकले. स्टोअरमध्ये पडलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर चढवलं. सगळ्या डायऱ्या पान अन् पान स्कॅन केल्या. कामगारांना बघता यावं म्हणून कँटीनच्या दारात एक स्क्रीन लावला. टोकन नंबर टाकायचा, शब्द टाकायचा, पान उघडतं.

पण हातानं लिहिलेलं पान आपल्या कॉम्प्युटरला वाचता येत नाही, त्याच्या लेखी ते नुसतं चित्र. म्हणून प्रत्येक पानाला शोधशब्द द्यावे लागतात. माणूस ज्या शब्दानं शोधील, तो शब्द. तो नसेल तर पान असून नसल्यासारखं. हे मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं.

शब्द ठरवायला मी भैरूमामांना शेजारी बसवलं. भैरूमामा कोळपे, एकोणीस वर्षं ठेकेदाराच्या हजेरीवर. कारखान्यातल्या निम्म्या यंत्रांना नावं त्यांनीच दिलेली.

"मामा, ही सासूबाई कोण?"

"आर-सात. ती कोपऱ्यातली टाकी."

"मग सरळ आर-सात लिहायचं की."

"आगं, आर-सात म्हनलं तर ध्यानात ऱ्हातंय का कुनाच्या? जुनी घेतलेली ती. आनली तवाच बुड वाकडं. वरनं गप, आतनं धुमसती. माझी सासू आशीच."

शिफ्ट इनचार्ज बबनराव मागं उभे होते. ते म्हणाले, "मामा, मामींना सांगू का?"

"सांगा की. तिनंच तर शिकीवलं मला, आईच्या जवळ जायचं तर आदी खाकरून जायचं."

त्या दिवशी आम्ही लई हसलो. आणि मग मामांनी त्यांच्याच हातचं, टाकीतली पातळी दाखवणाऱ्या काचेबद्दलचं एक पान काढून दिलं. ते जसंच्या तसं देते: "सासूबाईची काच रिकामी दिसली तरी भरवसा धरू नये. बुड वाकडं हाये. खाली हातभर माल ऱ्हातो. खालचा कॉक उघडून बादलीत काढावा. दोन तास वारा द्यावा. मग झाकण. भैरू."

पानाला मी शब्द दिले: सासूबाई, सासू, आर-सात, काच, बुड, झाकण.

ऑडिटच्या आधी तुम्ही मीटिंग घेतलीत. पडद्यावर ती यादी आली आणि तुम्ही थांबलात.

"हे काय? सासूबाई? ऑडिटरनं विचारलं तर काय सांगशील, तुझ्या घरची आहे म्हणून?"

सगळे हसले. मीही हसले, साहेब. ते हसू अजून माझ्या तोंडावर चिकटलेलं आहे, कितीही पाणी मारलं तरी जात नाही.

"हे गावठी शब्द काढ सगळे. आणि या पानांवरचे यंत्रांचे नंबरपण काढ. प्रत्येक यंत्राला एकच अधिकृत कागद दिसला पाहिजे. या पानांना फक्त 'जुने अभिलेख' लिही."

"साहेब, मग ही पानं कुणाला सापडणार नाहीत."

"ती कुणाला पाहिजेत?"

तीनशे बारा पानं होती. मला दोन दिवस लागले. एकेक शब्द मी माझ्या हातानं खोडला.

ऑडिटरनं तुमची पाठ थोपटली. डायऱ्या रद्दीत गेल्या. दिवाळी झाली आणि भैरूमामांना हजेरीवरून कमी केलं. चिवड्याचं पाकीट आणि ब्लँकेट देताना तुम्ही म्हणालात, "मामा, तुमचं सगळं ज्ञान आता सिस्टीममध्ये आहे. निवांत राहा." मामा ब्लँकेट काखेत धरून म्हणाले, "सगळं ठिवून घेतलं व्हय? मंग मी काय घिऊन जाऊ?" तुम्हाला तो विनोद वाटला.

दत्ताला पॅकिंगमधून काढून मामांच्या जागी टाकलंत. त्याला तिथं तीन आठवडे झाले होते. फेब्रुवारीत दुपारी त्याला आर-सात आतून धुवायला सांगितलं. दत्ता बबनरावांना विचारायला गेला. हे मला बबनरावांनीच सांगितलं, रडत.

"भाऊ, सासूबाईचं कायतरी हाय म्हनत्यात, काय हाय?"

"डायरीत व्हतं बाबा लिवलेलं, मला नेमकं ध्यानात न्हाई. आता कॉम्प्युटरवर हाय. तिथं बघून घे."

मामांना फोन करावा तर मोबाईल गेटवर जमा. नियम आहे.

म्हणून तो कँटीनच्या स्क्रीनपाशी गेला. हे सॉफ्टवेअर प्रत्येक शोध लिहून ठेवतं, तुम्हाला माहीत नसेल. तुम्ही कधी काही शोधलंच नाही.

दुपारी २.०६. टोकन ४१७. शोध: सासूबाई. निकाल: ०.

२.०७. शोध: सासू. निकाल: ०.

२.०९. शोध: सासूबाई बुड. निकाल: ०.

२.११. शोध: आर-सात. निकाल: १.

तो एक निकाल म्हणजे तुमचा अधिकृत कागद. त्यात लिहिलंय, "काचेतील पातळी शून्य असल्याची खात्री करून झाकण उघडावे." दत्तानं तो कागद सहा मिनिटं उघडा ठेवला होता. मग जाऊन काच बघितली. काच रिकामी होती. कागदात सांगितल्याप्रमाणे त्यानं झाकण उघडलं आणि पाइप घेऊन आत उतरला. तळाशी हातभर माल होता आणि आत त्याची वाफ कोंडलेली. तीनला पाच कमी असताना भोंगा झाला. वर काढला तेव्हा त्याच्या हातातला पाइप सुटत नव्हता.

त्याची बायको अनिता डबा आणि चपला न्यायला आली. अहवालात काय आहे ते तिच्या घरी आधीच पोचलं होतं, गेटवर तिला त्याची प्रत दिलीत. ती माझ्याकडं येऊन बसली.

"ताई, यांनी खरंच बघितलं न्हाई का? घरी मिक्सर आणला तर त्याचं पुस्तक दोनदा वाचलं यांनी, मंग बटन दाबलं. सासरे म्हनत्यात, आमच्या दत्तूनंच हलगर्जी केली. भावकीत आता हेच चाललंय. मला कळंना, रडू का लाजू."

मी तिला पाणी दिलं. शोधाची नोंद मी तोवर बघितली होती, तरी तिला सांगितली नाही. कारण तेच सॉफ्टवेअर बदलांचीही नोंद ठेवतं. ऑक्टोबरातले ते तीनशे बारा बदल, तारीख, वेळ आणि करणाऱ्याचं नाव. तिथं तुमचं नाव नाही, साहेब. तुम्ही तोंडी सांगितलंत. नाव माझं आहे. दत्ताला सोडवायचं तर मला अडकावं लागणार, हे मला तिच्यासमोर बसल्या बसल्या कळत होतं.

रविवारी भैरूमामांकडं गेले. ते न्हावऱ्यातच राहतात, वस्तीवर. कांद्याला पाणी देत होते. दारं मोडून, पाणी दुसऱ्या वाफ्याकडं वळवून बांधावर बसले.

"पोरी, मी सांगितलं व्हतं ना तुला?"

"सांगितलं होतं, मामा."

"तू लिवलं न्हवतं का?"

"लिहिलं होतं."

"मंग?"

बास, एवढंच. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

आज सोमवार. तुमचा अहवाल तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी ग्रंथालयात चढवलाय. त्यातलं अक्षरही बदललं नाही. त्याच्या खाली तीन कागद जोडलेत. टोकन ४१७ च्या शोधांची नोंद. माझ्या नावानिशी झालेल्या बदलांची नोंद. आणि मामांचं पान. तीनशे बारा पानांचे शब्द मी सकाळपासून परत घालतेय, मामांच्या पानापासून सुरुवात केली. कँटीनच्या स्क्रीनवर जाऊन सासूबाई टाका. येतं आता. एकेक प्रत अनिताला दिली आहे, एकेक कारखाने निरीक्षकांना. सगळ्यात वर माझं नाव आहे, ठळक.

तुम्ही हे काढायला लावाल. काढा. पण या वेळी तुमच्या स्वतःच्या लॉगिननं काढा, त्याचीही नोंद राहते.

मला काढून टाकाल, तेही ठरलेलंच असेल. जाण्याआधी एका गोष्टीचं उत्तर द्या. तोंडी नको, लेखी, खाली सही करून. दत्तानं चार वेळा शोधलं. पॅकिंगमधून आलेला माणूस, ओल्या हातानं एकेक अक्षर दाबत अकरा मिनिटं त्या स्क्रीनपुढं उभा होता. जिवंत राहायला त्यानं कुठला शब्द टाकायला पाहिजे होता?

सांगा, साहेब. कुठला?