कसणारीचं नाव

येसूबाई सोफ्यावर बसली नाही, भिंतीला टेकून फरशीवरच बसली. "मावशी, वर बसा ना," वैदेही दोनदा म्हणाली, पण तिचा कान बेडरूमकडे होता. आत दीड वर्षांची जाई झोपली होती आणि प्रत्येक श्वासाला तिच्या छातीत शिट्टी वाजत होती. समोरच्या बिल्डिंगचं काम सुरू झाल्यापासून घरभर सिमेंटची धूळ आणि दिवसाआड वाफारा. करंजाड्यातलं हे भाड्याचं घर सोडायचं, पेणजवळची खाडीकाठची जमीन विकून स्वच्छ हवेत कुठेतरी स्वतःचं घ्यायचं, हे तिने आणि नवऱ्याने, निखिलने, ठरवून टाकलं होतं. विमानतळ झाल्यापासून गिऱ्हाइकं आपणहून फोन करत होती.

जमीन वैदेहीच्या वडिलांची. ते गेल्यावर सातबारा तिच्या नावाने झाला. कसत मात्र होती येसूबाई, आणि तिच्या आधी तिचा सासरा. कागद नाही, नुसता शब्द: पिकेल ते अर्धं अर्धं. कागद केला की कूळ लागतं आणि कूळ लागलं की जमीन हातची जाते, असं वडील म्हणायचे. भुताला भ्याले नसते इतके ते कुळाला भ्यायचे.

गेल्या पावसाळ्यात वैदेही शेतावर गेली, भाताच्या कडेला उभी राहून सरकारी ॲपवर पिकाचा फोटो टाकून आली. पीक नोंदलं गेलं मालकिणीच्या नावावर. पुढे उधाणात बांध फुटला, खारं पाणी शिरलं, उभं भात सडलं. सरकारची भरपाई आली तीही मालकिणीच्याच खात्यात.

"पैसे मी देणारच होते, मावशी. सगळे."

"या वर्साला देशील गो. पुरच्या वर्साला इसरशील. बांध परत फुटंल, त्याला काय तुज्या बापासची वलख हाय?" येसूबाई हसली, मग पुढे सरकली. "खारा पानी गेलेली जमीन. दोन वर्सा दाना देनार नाय. तवर काय खावाचा? भाऊसाहेब बोलला, मालकीन तोंडानी सांगंल तं कसनारी म्हनून तुजा नाव लावतो. मंग सरकारचा येल ता माज्या हातान येल. मला तेवराच पायजे."

भाऊसाहेब म्हणजे गावचा तलाठी. वैदेही काही बोलायच्या आत येसूबाईने त्याला फोन लावलासुद्धा, आणि स्पीकर चालू करून तिच्यापुढे धरला.

"बोला मॅडम. शेत कोण कसतं?"

सकाळीच निखिलने बजावलं होतं, "पैसे दे, पण कॅश. जीपे करू नकोस, पुरावा राहतो. आणि नावाबिवाचं कबूल केलंस तर व्यवहार बोंबलला समज."

आत जाई खोकली. थांबली. पुन्हा खोकली.

"आम्हीच," वैदेही म्हणाली. "आम्हीच कसतो. त्या... मजुरीला येतात."

"बरं झालं, मिटलं," म्हणून तलाठ्याने फोन ठेवला.

वैदेहीने धावत जाऊन कपाटातलं भरपाईचं पाकीट आणलं, येसूबाईच्या पुढ्यात ठेवलं. "मुलीची तब्येत... तुम्ही ऐकताय ना मावशी, कशी खोकते ती."

"आयकते ना." येसूबाईने पाकीट उघडलंही नाही, कमरेला खोचलं. "मजुरी घेवाला काय लाजाचा."

मग भिंतीला हात देत ती उठली.

"पावसाला लावनीला येऊ का नको, तेवरा सांग."

"निखिलना विचारून कळवते."

"म्हंजे नको," येसूबाई म्हणाली, आणि दाराबाहेर जाऊन चपला घालू लागली.