न फोडलेलं पाकीट

कोरियातल्या त्या बेटावरची गुहा म्हणजे लाव्ह्यानं पोखरलेला लांब बोगदा. काळा दगड आणि टपटपणारं पाणी, बाकी काही नाही. पण माझ्या आईच्या लेखी गुहा म्हणजे लेणी, आणि लेणीत बुद्ध असायलाच पाहिजे. निघताना तिनं गोल बाजारातून आणलेलं मेणबत्त्यांचं पाकीट माझ्या हातात कोंबलं. समजावत कोण बसणार? तिला सोबत नेलंच नव्हतं, "तुह्याच्यानं चढणं होत नाही" म्हणून. तिथं कसली आलीये चढण! तिच्या वयाच्या बाया कठडा धरून आरामात चालत होत्या.

रायपूरला घरी पाऊल टाकताच तिनं विचारलं, "इंद्रजीत, बुद्धापुढं मेणबत्ती लावली ना रे?"

"हव."

"अन् माह्या नावानं वंदना घेतली?"

"घेतली ना! किती विचारून राहिली?" मी खेकसलो.

ती धुण्याचे कपडे काढायला माझी बॅग उपसू लागली. तळाशी ते पाकीट निघालं, न फोडलेलं. मी मान खाली घातली.

"तिथंच दुसऱ्या भेटल्या असतील," ती म्हणाली.

तेवढ्यात माझी बायको पायल खोलीत आली. आईनं पाकीट पटकन पदराखाली लपवलं.