शिंपीदादा, जाळी उघडी ठेवा

आमच्या वहिनीचं तोंड तुम्ही बंद केलंत. तुम्ही म्हणजे ही साइट चालवणारे, ज्यांच्या दाराला पत्ता नाही नि फोनवर माणूस नाही.

घरी ऑक्सिजनचं मशीन लावून माणसं सांभाळणाऱ्यांचा गट वहिनी चालवते. माझा भाऊ शेवटपर्यंत त्याच मशीनवर होता. गटाचा दंडक एकच: एकाने उपाय सांगितला, तरी दुसऱ्याने "मी करून पाहिलंय" म्हटल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही.

आज दुपारी गटातल्या 'शिंपीदादा' टोपणनावाच्या माणसाने विचारलं, "मशीन फार घरघरतंय. बाबांचा डोळा लागत नाही. काय करू?"

'हसरा' नावाच्या इसमाने लिहिलं, "मागची जाळी चिकटपट्टीने बंद करा. आवाज गायब!"

पाठोपाठ त्याची 'ताई' उगवली. "मी करून पाहिलंय."

आजारी आईचं रडगाणं गाऊन दोघं गटात शिरले होते. दोघं कसले, खाती दोन, माणूस एकच! पूर्वी इथे एका प्रश्नाला दहा जण धावायचे. ह्याच्या टोमण्यांनी एकेक जण गप्प झाला. आजही सगळे गप्पच.

जाळी बंद म्हणजे मशीन आतून तापून बंद. वहिनीने भांडी टाकून ओल्या हातानेच लिहिलं, "मूर्खा, माणूस मरेल!"

हसऱ्याने तुमच्याकडे तक्रार ठोकली, ही मला मारायची धमकी देते. तुम्ही वहिनीला कुलूप घातलंत. तिचं वाक्य पुसलंत, त्याचा उपाय ठेवलात.

"भाऊजी, सगळं दिसतंय, पण लिहिता येत नाही. तुम्ही लिहा!"

"मी गटात कुठंय?"

"मग घुसा की! एरवी नको तिथं नाक खुपसता."

घुसलो. पाटी आली, 'गटप्रमुखाची मंजुरी बाकी.' गटप्रमुख कोण? वहिनीच! टवाळ आत येऊ नयेत म्हणून ही कडी तिनेच लावली होती.

तेवढ्यात शिंपीदादा म्हणाले, "दोघं सांगताहेत म्हणजे ठीकच. लावतो पट्टी."

वहिनीने माझं मनगट धरलं.

"आवाज कमी झाला. बाबा झोपले. आभार."

त्याखाली हसऱ्याचा खिदळणारा चेहरा. मग काहीच नाही.

तुम्हाला कळवलं, तर उत्तर आलं, 'आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे.' मत? आमच्याकडे शिंपीदादांचं नुसतं टोपणनाव आहे, नंबर तुमच्याकडे आहे. लावा फोन. जाळी उघडायला सांगा. आणि बाबा उठले का, तेवढं आम्हाला आत्ता सांगा.