नंदूचे वरचे दूध

“परत तुम्ही? सकाळपासून ही तिसरी वेळ, बाई,” पलीकडून कंपाउंडर धोंडिराम म्हणाला. “दवाखान्याचा फोन आहे हा. पेशंट लोक खोळंबलेत ना इकडे.”

“एकदाच, धोंडिराम. दोन मिनिटं. सुंदराबाईंना हाक मारा ना.”

रिसीव्हर टेबलावर आपटल्याचा आवाज आला. रत्नप्रभा वाट पाहत राहिली. मरोळच्या एका कारखान्यात ती टेलिफोन ऑपरेटर होती. कायम व्हायला अजून दोन महिने होते आणि खाजगी फोनांबद्दल तिला एकदा समज मिळाली होती. समोरच्या बोर्डावर दोन दिवे लागले. एक तिने जोडून दिला. दुसऱ्याला ‘लाइन बिझी आहे, साहेब,’ असे सांगितले. खोटे बोलतानाही तिचा आवाज नेहमीइतकाच स्वच्छ राहिला.

घाटकोपरला, भटवाडीत, त्या दवाखान्याच्या वरच्या दोन खोल्यांत सुंदराबाईंचे पाळणाघर होते. संपानंतर नवऱ्याची गिरणी पुन्हा उघडलीच नाही, तेव्हापासून त्या मुले सांभाळत होत्या. रत्नप्रभाची बाळंतपणाची रजा संपली तसा तिचा पाच महिन्यांचा नंदू सोमवारपासून त्यांच्याकडे होता. आज गुरुवार. अंगावर पिणारे मूल ठेवून घेताना त्यांनी आडपडदा ठेवला नव्हता. “आठ दिवस बघीन. पोर काय घेयत नसला तर माका ठेवूचा नाय. उपाशी पोर माझ्यान बघवणा नाय.”

सासू कराडजवळच्या गावी, नवरा कुंडलिक दिवसपाळीला. आठ दिवसांत नंदू वरचे दूध घेऊ लागला नाही, तर नोकरी सोडण्यावाचून रत्नप्रभाला मार्ग नव्हता.

जिन्यावरून खाली येणारे रडणे तिला आधी ऐकू आले.

“हां, बोल गो.”

“किती वेळ रडतोय, सुंदराबाई? छातीशी घट्ट धरलंत का? डोकं डाव्या हातावर, मी करते तसं. माझं पातळ गुंडाळलंत ना त्याला?”

“सगळा केलंय. तू सांगलंस तसाच केलंय.”

“मग फोन त्याच्या कानाला लावा.”

क्षणभर नुसती खरखर. मग तिने हलकेच म्हटले, “नंदू. ए नंदोबा. मी आहे ना रे.”

रडणे थांबले. रत्नप्रभाने डोळे मिटले. पलीकडे रिसीव्हरवर काहीतरी ओले, घाईघाईचे घासले जात होते, पुन्हा पुन्हा. तो आवाज कसला, हे तिला उमगण्याआधीच नंदूने अशी किंकाळी फोडली की तिने कानावरचे हेडफोन ओढून काढले.

“तोंडात धरूक बघता हा फोन,” सुंदराबाईंचा आवाज दुरून आला. “ठेव. ठेव आता.”

पुढच्या दहा मिनिटांत तिने विक्री विभागाच्या साहेबांना स्टोअर्सऐवजी कॅन्टीनला जोडून दिले. कॅन्टीनचा भीमराज ‘वडा संपला, चहा घेणार का?’ असे त्यांना विचारून मोकळा झाला. साहेब तिच्यावर ओरडले. तिने माफी मागितली आणि घड्याळाकडे पाहिले. साडेअकराही वाजले नव्हते.

संध्याकाळी बस साकीनाक्याला अडकली. पुढची वाहने हलेनात, तशी ती उतरली आणि दुसरी बस मिळेपर्यंत चालत राहिली. भटवाडीचा जिना चढून वर आली, तेव्हा सुंदराबाई गॅलरीत उभ्या होत्या. नंदूची पाठ त्यांच्या पोटाला टेकलेली, तोंड रस्त्याकडे. खाली पाववाल्याची सायकल चालली होती आणि नंदू ती एकाग्रतेने पाहत होता.

“त्याला असं उलटं का धरलंत?” रत्नप्रभाने विचारले. “मी सांगितलं होतं ना, छातीशी—”

आवाज ऐकताच नंदूने तिच्याकडे अंग झोकले. तिने त्याला घेतले, आत जाऊन भिंतीशी बसली आणि पदराखाली धरले. तो हपापल्यासारखा पीत होता. सुंदराबाई समोर येऊन बसल्या.

“छातीशी धरलंय की हुंगता,” त्या म्हणाल्या. “तोंड फिरवून शोधता. माझ्याकडे काय गावतला त्याका? मगे रडता.”

“पण त्याला तशीच सवय आहे.”

“तेच सांगतंय. तुझ्यासारखा कराक गेलंय की त्याका तू आठवतंस. भायर तोंड करून धरलंय, तर कावळे बघता, पाववालो बघता, तोंड उघडा टाकता. तेवढ्यात मी चमचो सारतंय. आज सकाळी तीन चमचे घेतल्यान. मगे तुझो फोन इलो.”

“मग?”

“मगे काय? थुंकल्यान.”

रत्नप्रभाचा चेहरा तापला. “माझा आवाज ऐकून गप्प झाला होता तो! मी ऐकलंय.”

“गप झालो नाय गो. तू इलंस असा वाटला त्याका.”

सुंदराबाई उठल्या, दोरीवरचे तिचे पातळ काढले, चार घड्या घालून तिच्या मांडीशी ठेवले. “ह्या घेऊन जा. आणि फोन करू नको. काय झालाच, तर मी धोंडिरामाक सांगान.”

“आणि त्याचा फोन आलाच नाही, तर?”

“नाय इलो तर सगळा बरा आसा, असा समज. माझे तीन झील मोठे झाले, बाय. एवढा कळता माका.”

शुक्रवारी रत्नप्रभाने फोन केला नाही. साडेनऊला एक गठ्ठा पाकिटांवर पत्ते लिहिले. दहाला बोर्डावरची धूळ पुसली, पुन्हा पुसली. अकरा वाजता तिने दवाखान्याच्या नंबरचे पहिले चार आकडे फिरवले आणि लाइन तोडली. रोज ती कोणाला ना कोणाला जोडून देत आली होती. पलीकडचा आवाज ऐकला की माणसाला धीर येतो, याबद्दल तिला कधी शंका वाटली नव्हती.

साडेबाराला बाहेरच्या लाइनचा दिवा लागला.

“बाई, मी धोंडिराम.”

तिने हेडफोन कानांशी दाबून धरले.

“सुंदराबाईंनी सांगायला सांगितलंय. अर्धी वाटी प्यायला. झोपलाय. बास, एवढंच.”

“आधी रडला का खूप?”

“मला काय माहीत? आज वरून आवाजच नाही आला. झकास झालं ना, मीपण सुटलो.”

“माझी आठवण—” ती म्हणू लागली आणि थांबली. धोंडिरामला हे काय विचारायचे? “आभारी आहे हं,” असे म्हणून तिने लाइन सोडली.

मागच्या शुक्रवारी या वेळी तो तिच्या मांडीवर होता. तिच्या छातीत कळ दाटून आली आणि पाहता पाहता ब्लाउज दोन्ही बाजूंनी भिजला. तो वाटीने प्यायला, हे अंगाला अजून कोणी सांगितले नव्हते. तिने पदर दोन्ही खांद्यांवरून पुढे ओढून घेतला, टोक कमरेशी घट्ट खोचले. बोर्डावर दिवा लागला होता.

“बोला, साहेब,” ती म्हणाली. “पुण्याचा नंबर काय म्हणालात?”